कोचिंग, व्यावसायिक

एखाद्या व्यक्तीने स्वतः निवडलेले उद्दिष्ट तिला गाठता यावे, म्हणून ठराविक मुदतीच्या करारानुसार आणि संभाषणाच्या माध्यमातून केले जाणारे पद्धतशीर साहाय्य म्हणजे व्यावसायिक कोचिंग. हे उद्दिष्ट नोकरी-व्यवसायातील असेल किंवा खाजगी जीवनातील असेल. असे साहाय्य करणाऱ्यास कोच व ते घेणाऱ्यास सामान्यतः ग्राहक म्हणतात. समुपदेशनात रूढ असलेला ‘सल्लार्थी’ हा शब्द येथे अन्वर्थक ठरत नाही. कारण होता होईल तो सल्ला न देणे, हेच या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते. ग्राहकाच्या प्रश्नाचे उत्तर कोचने शोधून द्यावयाचे नसते. ते ग्राहकाला स्वतः शोधता येईल अशी परिस्थिती त्याने निर्माण करावयाची असते. हे तत्त्व सांगावयास सोपे, पण आचरणात आणावयास अवघड आहे. त्यामुळे कोच होऊ इच्छिणाऱ्यांच्या प्रशिक्षणात नवे ज्ञान मिळविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व जुन्या सवयी मोडण्यास असते. कोचिंग म्हणजे काय, याविषयी प्रशिक्षणार्थी जी कल्पना बरोबर घेऊन येतो, ती प्रशिक्षणाच्या अखेरीस पुष्कळदा उलटी झालेली आढळते. या व्यवसायावर बहुतेक देशांत कायद्याचे नियंत्रण नाही. म्हणून ग्राहकाचे हित हे बव्हंशी कोचच्या स्वतःच्या समजुतीवर आणि संयमावर अवलंबून राहते.

शब्दाचा इतिहास : ‘कोच’ हा इंग्रजी शब्द हंगेरीतील कोच या गावाच्या नावावरून आला. व्हिएन्ना व बूडापेस्ट यांना जोडणाऱ्या मार्गावरील या गावी पंधराव्या शतकात उत्तम प्रतीच्या घोडागाड्या बनत. गावाचे नाव गाडीला मिळाले व यूरोपातील अनेक भाषांत ते पसरले. मराठीतील ‘कोचमन’ हा शब्द याच घराण्यातील आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात १८३० च्या सुमारास विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार नेऊन पोहोचविणाऱ्या खाजगी शिक्षकाला विद्यार्थी थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. पुढे १८६० नंतर नौकानयनादी खेळांच्या शिक्षकांनाही हा शब्द लावण्यात येऊ लागला.

महाराष्ट्रात ‘कोचिंग क्लास’ हा शब्दप्रयोग परीक्षेच्या खाजगी शिकवणीसाठी रूढ आहे. म्हणजे शब्दाचा ऑक्सफर्डमधील मूळ अर्थच येथे टिकून राहिला आहे, असे म्हणता येईल. केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे या शिकवणीसंबंधीची आहेत; प्रस्तुत नोंदीतील व्यवसायाशी त्यांचा संबंध नाही. शब्दाचा दुसरा रूढ अर्थ क्रीडाशिक्षकाचा. मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटपटूंच्या अनेक पिढ्या घडविणारे रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांच्यासारख्या गुरूंची प्रतिमा त्यामागे उभी असते. असा गुरू दोष दाखवितो, ते दुरुस्त करून घेतो, शिस्त लावतो आणि प्रसंगी रागावतो. या दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : जाणणारा शिकवितो व न जाणणारा शिकतो. व्यावसायिक कोचिंगचा तिसरा अर्थ नेमके हेच गृहीत नाकारतो. शब्द तोच राहून अर्थ बदलल्यामुळे जनसामान्यांचाच नव्हे, तर नव्या प्रशिक्षणार्थ्यांचाही गोंधळ होतो.

उद्‌गम व विकास : व्यावसायिक कोचिंगची वैचारिक बैठक विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पुढे आलेल्या मानवतावादी मानसशास्त्रात आढळते. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) या मानसशास्त्रज्ञाने रुग्णाऐवजी ‘ग्राहक’ या संज्ञेचा पुरस्कार केला. साहाय्य करणाऱ्याने आपले निदान लादू नये. त्याचा सच्चेपणा, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि तिच्या अनुभवाशी समरस होणारी सहानुभूती यांच्या बळावर त्या व्यक्तीची वाढ आपोआप सुरू होते, असे त्याचे प्रतिपादन होते. अब्राहम मॅस्लो (१९०८–७०) याने निरोगी माणसाच्या आत्मविकासाला मानसशास्त्रात स्थान मिळवून दिले. आजारी माणसाला बरे करणे एवढेच मानसशास्त्राचे कार्य नव्हे, हा विचार त्यामुळे दृढ झाला.

या विचाराला प्रत्यक्ष तंत्राचे रूप मिळाले ते टेनिसच्या मैदानावर. टिमोथी गॉलवे हा अमेरिकन टेनिसशिक्षक विद्यार्थ्यांना सूचना देत असता त्याच्या ध्यानात आले, की सूचना जितक्या अधिक, तितका खेळाडूचा फटका अवघडलेला होतो. त्याने सूचना देणे कमी केले व विद्यार्थ्याचे अवधान चेंडूकडे वळविणारे साधे उपाय योजले. उदा., चेंडूचा टप्पा पडताच ‘टप्पा’ व तो रॅकेटला लागताच ‘फटका’ असे मोठ्याने म्हणावयाचे. मन या कामात गुंतले, की स्वतःला सतत दटावणारा आतला आवाज शांत होतो व शरीर आपल्या चुका आपणच सुधारते, असा त्याला अनुभव आला. माणसाची कामगिरी म्हणजे त्याच्या सुप्त क्षमतेतून आंतरिक अडथळे वजा जाता उरणारी बाकी होय, हे सूत्र त्याने मांडले. शिक्षकाचे काम क्षमता ओतण्याचे नसून अडथळे कमी करण्याचे आहे, हा त्याचा निष्कर्ष. त्याचा द इनर गेम ऑफ टेनिस हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला व खेळाबाहेरच्या वाचकांतही लोकप्रिय ठरला.

मोटार-शर्यतींत नाव मिळविलेला इंग्लंडमधील जॉन व्हिटमोर (१९३७–२०१७) याने गॉलवेची पद्धत ब्रिटनमध्ये नेली. १९८० नंतरच्या दशकात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ती उद्योगसंस्थांतील व्यवस्थापकांसाठी वापरली. त्याचा कोचिंग फॉर परफॉर्मन्स हा ग्रंथ १९९२ मध्ये निघाला. त्याच सुमारास अमेरिकेत टॉमस लेनर्ड (१९५५–२००३) या आर्थिक सल्लागाराला असे आढळले, की पैशाचे नियोजन करावयास आलेल्या लोकांना वस्तुतः आयुष्याच्या नियोजनाविषयी बोलावयाचे असते. त्याने १९९२ मध्ये कोचेसच्या प्रशिक्षणाची संस्था काढली आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कोच महासंघाची स्थापना केली. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे कार्यालय असलेली ही संघटना या क्षेत्रातील सर्वांत मोठी होय. यूरोपात १९९२ मध्ये स्थापन झालेले यूरोपीय मार्गदर्शन केंद्र २००२ पासून मार्गदर्शक व कोच यांची संयुक्त परिषद म्हणून कार्य करू लागले. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात २००० मध्ये अँटनी ग्रँट याच्या पुढाकाराने कोचिंग मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि या विषयाच्या विद्यापीठीय अभ्यासाला चालना मिळाली.

इतर साहाय्यांहून भेद : प्रशिक्षणाच्या आरंभी कोचिंगची सीमा चार शेजारी क्षेत्रांच्या तुलनेत आखून दिली जाते. शिक्षक ज्ञान देतो. सल्लागार प्रश्नाचा अभ्यास करून उपाय सुचवितो. मार्गदर्शक, म्हणजे त्याच वाटेने आधी गेलेला ज्येष्ठ, आपल्या अनुभवाचा लाभ देतो. मानसोपचारज्ञ दुःखाच्या वा विकाराच्या मुळाशी जाऊन बरे करण्याचा यत्न करतो. कोच यांपैकी काहीच करीत नाही, असे प्रथम वाटते. त्याचे कार्य एवढेच, की ग्राहकाला आज जेथे तो आहे ती स्थिती व जेथे त्याला जावयाचे आहे ती स्थिती या दोहोंकडे स्वच्छ पाहता यावे, आणि मधली वाट त्याची त्याने आखून चालू लागावे. त्यासाठी कोचला ग्राहकाच्या व्यवसायाचे ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. शल्यचिकित्सकाचा कोच वैद्यक जाणणारा नसला तरी चालतो. किंबहुना तो जाणकार असल्यास उत्तर देण्याचा मोह त्याला अधिक होतो. या भेदाच्या रेषा व्यवहारात नेहमी काटेकोर राहत नाहीत. निव्वळ श्रवणापासून थेट सूचनेपर्यंत साहाय्याची एक सलग पट्टी असते व कुशल कोच तिच्यावर जाणीवपूर्वक मागेपुढे सरकतो, असेही काही तज्ज्ञ मानतात. नवख्याने मात्र श्रवणाच्या टोकाला राहावे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप : कोचिंगच्या प्रशिक्षणास मुख्यतः तिशी ओलांडलेले, अन्य क्षेत्रांत स्थिरावलेले लोक येतात. व्यवस्थापक, मनुष्यबळ-अधिकारी, शिक्षक, समुपदेशक, निवृत्त अधिकारी हे त्यांतील नेहमीचे वर्ग होत. आपल्याकडे लोक सल्ला मागावयास येतात, हीच पुष्कळांच्या दृष्टीने या व्यवसायाची पात्रता असते आणि प्रशिक्षणात पहिला धक्का तेथेच बसतो. सराव बहुधा तिघांच्या गटात होतो. एक जण कोच, दुसरा ग्राहक व तिसरा निरीक्षक होतो. भूमिका आळीपाळीने बदलतात. ग्राहकाने कल्पित नव्हे, तर स्वतःची खरी अडचण मांडावयाची असते. निरीक्षक कोचने किती वेळ बोलण्यात घालविला, किती प्रश्न विचारले व त्यांतील किती प्रश्नांत सल्ला दडलेला होता, हे टिपून ठेवतो.

दडलेला सल्ला ही नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक होय. नुकताच विभागप्रमुख झालेला एखादा ग्राहक ‘माझ्या हाताखालची माणसे माझे ऐकत नाहीत’ असे म्हणतो, असे समजू. ‘तुम्ही त्यांची दर आठवड्याला बैठक का घेत नाही?’ असे कोच विचारतो. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले, तरी हा प्रश्न नव्हे. ती सूचना आहे. शिवाय ‘का’ या शब्दाने विचारलेल्या प्रश्नास समर्थन हेच उत्तर मिळते व ग्राहक बचावाच्या पवित्र्यात जातो. याउलट ‘ती ऐकतात असे कधी घडते? त्या वेळी काय वेगळे असते?’ हे प्रश्न ग्राहकाला त्याच्या स्वतःच्या अनुभवाकडे परत नेतात. कदाचित त्याला आढळेल, की कामाची निकड त्याने स्पष्ट सांगितली तेव्हा माणसे ऐकतात. किंवा कदाचित असेही आढळेल, की माणसे ऐकत नाहीत ही तक्रार नसून, कालचे सहकारी आज हाताखाली आल्याचा संकोच त्याच्याच मनात आहे. यांतील दुसरी शक्यता बाहेरच्या माणसाला सुचणे कठीण आणि सुचली तरी त्याने सांगून ती पटणे त्याहून कठीण. सल्ला टाळण्यामागील मुख्य कारण हे आहे. दिलेला सल्ला चुकीचा असू शकतो, एवढेच नव्हे; तो बरोबर असला तरी बहुधा सांगितलेल्या अडचणीवरचा असतो, खऱ्या अडचणीवरचा नसतो.

श्रवण व मौन : ऐकणे ही निष्क्रिय गोष्ट नव्हे, हे प्रशिक्षणाचे दुसरे सूत्र. अमेरिकेतील एका प्रमुख प्रशिक्षणपद्धतीत श्रवणाच्या तीन पातळ्या मानतात. पहिल्या पातळीवर श्रोत्याचे लक्ष स्वतःकडे असते : हे मला घडले तेव्हा मी काय केले, आता पुढचा प्रश्न कोणता विचारू, आपण हुशार वाटतो की नाही. दुसऱ्या पातळीवर ते पूर्णतः बोलणाऱ्यावर केंद्रित होते. तिसऱ्या पातळीवर शब्दांबरोबर आवाजाचा चढउतार, थबकणे, वगळलेला उल्लेख आणि एकूण वातावरण यांचीही दखल घेतली जाते. आपण आजवर बहुतेक पहिल्याच पातळीवर ऐकत आलो, ही जाणीव अनेक प्रशिक्षणार्थ्यांना अस्वस्थ करते. कारण तिचा संबंध केवळ व्यवसायाशी नसून घरातील व मित्रपरिवारातील वागण्याशीही पोहोचतो.

मौनाचा सराव याहून कठीण. प्रश्न विचारल्यावर ग्राहक गप्प झाला, की नवखा कोच तो प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो किंवा स्वतःच उत्तर सुचवितो. वास्तविक त्या शांततेत ग्राहक विचार करीत असतो व कोचच्या बोलण्याने तो विचार तुटतो. ध्वनिमुद्रित सत्रे पुन्हा ऐकताना आपणच मोलाचे क्षण कसे मोडले हे प्रशिक्षणार्थ्याला दिसते. म्हणून ध्वनिमुद्रण व त्याची लिखित प्रत यांचे परीक्षण हा प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

आराखडे : संभाषण भरकटू नये म्हणून नवख्यांना काही आराखडे शिकवितात. व्हिटमोरच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला ‘ग्रो’ हा त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. इंग्रजीतील चार शब्दांच्या आद्याक्षरांनी बनलेल्या या नावाचा अर्थ ‘वाढणे’ असा होतो. त्याचे टप्पे चार : ध्येय कोणते, वास्तव काय आहे, पर्याय कोणते आणि निश्चय कशाचा. वास्तवाच्या आधी ध्येय घेण्यामागे हेतू असा, की आजच्या अडचणींपासून सुरुवात केल्यास ध्येय त्या अडचणींच्या मापाचे बनते. आराखडा पाठ करणे सोपे असते. त्याचा धोका असा, की कोचचे लक्ष पुढील टप्प्याकडे लागते व समोरच्या माणसाकडून सुटते. त्यामुळे आराखडा प्रथम शिकावयाचा व नंतर विसरावयाचा, असे अनुभवी शिक्षक सांगतात.

भारतीय परिस्थिती : भारतात हा व्यवसाय एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मुख्यतः मोठ्या उद्योगसंस्था, माहिती-तंत्रज्ञान व बँकव्यवसाय यांच्या आश्रयाने वाढला. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शाखा मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली आदी शहरांत स्थापन झाल्या. येथील प्रशिक्षणार्थ्यांपुढे एक निराळी अडचण उभी राहते. गुरुशिष्यपरंपरेत ज्ञान हे अधिकारी व्यक्तीकडून ग्रहण करावयाचे असते. कुटुंबात वडीलधाऱ्यांनी मार्ग दाखविणे हा त्यांचा अधिकार नव्हे, तर कर्तव्य मानले जाते. अशा समाजात विचारूनही उत्तर न देणारा ज्येष्ठ उदासीन, प्रसंगी कपटी वाटण्याचा संभव असतो. ‘सर, तुम्हीच सांगा, मी काय करू?’ या विनंतीस केवळ प्रतिप्रश्नाने उत्तर दिल्यास ग्राहकाचा विश्वास ढळू शकतो. त्यामुळे आपली भूमिका कोणती व कोणती नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करणे येथे विशेष आवश्यक ठरते.

भारतीय कोच आपल्या कार्याचे स्पष्टीकरण करताना पुष्कळदा सारथी श्रीकृष्णाचा दाखला देतात. वाहन व सारथ्य यांची प्रतिमा ‘कोच’ या शब्दाच्या मूळ अर्थाशी जुळते, हे खरे. मात्र हा दाखला अर्धाच लागू पडतो. श्रीकृष्ण अर्जुनाला विस्ताराने उपदेश करतो. शेवटी निर्णय अर्जुनावर सोपवितो, एवढाच भाग कोचिंगशी मिळताजुळता आहे. प्रश्नांच्या द्वारे दुसऱ्याच्या मनातील ज्ञान प्रसवू देणारी सुईण, ही सॉक्रेटीसने स्वतःला दिलेली उपमा काहीशी अधिक जवळची. परंतु सॉक्रेटीसचे प्रश्न समोरच्याची भ्रांती उघडी करण्यासाठी असत आणि संवादाची दिशा बहुधा त्याच्याच हाती असे. कोचने दिशाही ग्राहकाच्या हाती ठेवावी, अशी अपेक्षा असते. भाषेचाही प्रश्न आहे. प्रशिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. प्रत्यक्ष भावना मात्र मातृभाषेत प्रकट होतात. इंग्रजी प्रश्नांचे शब्दशः मराठीकरण केले, तर ते कृत्रिम व औपचारिक वाटतात. म्हणून मराठीत सत्रे घेणाऱ्या कोचला ‘मग?’, ‘म्हणजे कसे?’, ‘आणखी काय?’ असे बोलीतील छोटे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

करार व गोपनीयता : एखादी संस्था आपल्या अधिकाऱ्यासाठी कोच नेमते, तेव्हा करार त्रिकोणी बनतो. मोबदला संस्था देते, सत्रे अधिकाऱ्याबरोबर होतात आणि दोघांच्या अपेक्षा भिन्न असू शकतात. अधिकाऱ्याने अधिक जबाबदारी स्वीकारावी अशी संस्थेची इच्छा असते. सत्रात कदाचित असे निष्पन्न होते, की त्याला नोकरीच सोडावयाची आहे. हे कोचने संस्थेला कळवावे काय? सर्वसाधारण नियम असा, की उद्दिष्टे आरंभी तिघांनी मिळून ठरवावी, भेटी झाल्या वा नाहीत एवढे संस्थेला कळवावे आणि संभाषणाचा आशय ग्राहकाच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नये. स्वतःला वा इतरांना गंभीर इजा होण्याचा धोका आणि कायद्याने आवश्यक केलेली माहिती हे याला अपवाद असून तेही आधीच सांगून ठेवावयाचे असतात. वरिष्ठ नकोशा झालेल्या कर्मचाऱ्याला काढण्यापूर्वीची औपचारिकता म्हणून कोच नेमतात, असाही प्रकार घडतो. तो ओळखून नाकारण्याचे धैर्य हा प्रशिक्षणातील नीतिविषयक चर्चेचा एक अवघड भाग आहे.

मानसोपचाराची सीमा : कोचिंग निरोगी व्यक्तीसाठी असते, असे गृहीत धरले जाते, परंतु येणारी व्यक्ती निरोगी आहे किंवा नाही हे ठरविण्याचे शिक्षण बहुतेक कोचना नसते. खिन्नता, चिंताविकृती वा व्यसनाधीनता यांनी ग्रासलेली माणसे मानसोपचारज्ञाकडे जाण्यास संकोचतात आणि कोचकडे जाणे प्रतिष्ठेचे असल्यामुळे तेथे येतात. स्टीव्हन बर्ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये हार्व्हर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकातील लेखात असा इशारा दिला, की खोल मानसिक समस्येकडे वरवरच्या वर्तनाची समस्या म्हणून पाहणारा कोच भल्यापेक्षा बुरेच अधिक करू शकतो. झोप व भूक मंदावणे, सतत निराशा, दैनंदिन कामे न झेपणे, जीव नकोसा झाल्याचे उद्‌गार अशी लक्षणे दिसताच सत्र थांबवून योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे हे कोचचे कर्तव्य होय. आपण कोठे थांबावे हे ज्याला कळते, त्यालाच हे काम आले असे समजतात. तज्ज्ञाकडे पाठविणे म्हणजे अपयश नव्हे, हे प्रशिक्षणार्थ्याच्या मनावर त्यासाठीच बिंबविले जाते. [→ समुपदेशन, मानसोपचार].

प्रमाणन : वकिली वा वैद्यक यांप्रमाणे कोचिंगला कायदेशीर परवाना लागत नाही, भारतातही तो लागत नाही. कोणीही पाटी लावून कोच म्हणवून घेऊ शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी व्यावसायिक संघटना स्वेच्छेने घ्यावयाची प्रमाणपत्रे देतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण व १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, दुसरीसाठी १२५ व ५०० तास आणि तिसरीसाठी २०० व २,५०० तास आवश्यक धरतात. त्याखेरीज ज्येष्ठ कोचच्या देखरेखीखाली आपल्या सत्रांचे १० तास परीक्षण करून घ्यावे लागते. महासंघाने २०१९ मध्ये आपल्या क्षमतासूचीची पुनर्रचना करून आठ क्षमता निश्चित केल्या. त्यांत नीतीचे पालन, करार, विश्वास व सुरक्षितता, अवधान, सक्रिय श्रवण, जाणीव जागविणे व ग्राहकाची वाढ सुकर करणे यांच्याबरोबर कोचची सतत शिकणारी, मोकळी मनोवृत्ती ही एक स्वतंत्र क्षमता मानली आहे. महासंघाच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये जगात सु. ७१,००० कोच होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आकडा एक लाखाच्या वर गेला. वाढत्या संख्येबरोबर अल्प मुदतीच्या व भरमसाट शुल्काच्या वर्गांचाही सुळसुळाट झाला आहे. पुष्कळ ठिकाणी नव्या कोचचे ग्राहक हेच उद्याचे प्रशिक्षणार्थी ठरतात, अशी टीका केली जाते व ती निराधार नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर पुरेसे ग्राहक मिळतीलच असे नाही. अनेकांना हे काम अन्य नोकरी-व्यवसायाच्या जोडीने करावे लागते.

परिणामकारकता : कोचिंगच्या परिणामांचा शास्त्रीय अभ्यास २००० नंतर वाढला. नेदर्लंड्समधील टिम थीबोम व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये, तसेच ब्रिटनमधील रिबेका जोन्स हिने सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये, आधीच्या अनेक संशोधनांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध केले. दोन्हींत उद्योगसंस्थांतील कोचिंगचे परिणाम एकंदरीत अनुकूल आढळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका विश्लेषणात कोच व ग्राहक यांच्यातील नात्याची गुणवत्ता आणि फलनिष्पत्ती यांचा निश्चित संबंध दिसून आला. तथापि मूळ संशोधनांपैकी पुष्कळांतील नमुने लहान होते, तुलनेसाठी नियंत्रित गट थोड्यांतच होते आणि परिणामांची नोंद बहुधा ग्राहकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली होती. त्यामुळे कोचिंग उपयुक्त ठरू शकते, एवढे म्हणता येते. अमुक पद्धत तमुक पद्धतीहून श्रेष्ठ, असे ठामपणे म्हणता येत नाही.

मूल्यमापन : या व्यवसायावरील सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. कामाचे अमानुष तास, अन्यायी वरिष्ठ, असुरक्षित नोकरी ही संस्थेची दुखणी व्यक्तीच्या मनोवृत्तीची दुखणी म्हणून हाताळली जातात व बदलाचा सारा भार त्या व्यक्तीच्या शिरावर टाकला जातो, असे टीकाकार म्हणतात. उत्तर ग्राहकाजवळच असते, हे गृहीत येथे अपुरे पडते. काही उत्तरे ग्राहकाच्या हाती नसतातच. प्रामाणिक कोच ग्राहकाला ही गोष्टही पाहू देतो. आपल्या आवाक्यातले काय व आवाक्याबाहेरचे काय हे उमगणे, आणि ज्याचा दोष आपला नाही त्याचा दोष स्वतःकडे न घेणे, हेही सत्राचे फलित असू शकते.

कोचिंगची ही मर्यादा ध्यानात घेतली, तर प्रशिक्षणार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे अधिक नेमके सांगता येते. आरंभी त्यांना ते दुसऱ्याला बदलण्याचे कौशल्य वाटते. सरावाने ते स्वतःला आवरण्याचे कौशल्य आहे असे कळू लागते : सल्ल्याचा मोह, उपयुक्त ठरण्याची घाई, शांततेची भीती व सत्राचे श्रेय घेण्याची इच्छा या चारही गोष्टींना आवर. चांगल्या सत्रानंतर आपण काय केले हे कोचला फारसे सांगता येत नाही आणि ग्राहकालाही आपण स्वतःच मार्ग काढला असे वाटते. या व्यवसायाचे यश असे अदृश्य असते. त्याची प्रसिद्धी करणे अवघड, तर त्याची नक्कल करणे सोपे आहे. कायद्याचे कुंपण नसलेल्या या क्षेत्रात खरा कोच व तोतया यांतील फरक पाटीवरून वा प्रमाणपत्रावरून सहसा ओळखू येत नाही. समोरच्या माणसाचा निर्णय त्याचा त्याच्याकडे किती राहू दिला, यावरूनच तो ओळखता येतो.